‘मला होऊन गेलाय, मग लस कशाला?’

(अर्धापूर येथे नोव्हेंबर 2021 मध्ये तरुणांसमोर केलेले भाषण)



आपल्या मोहल्ल्यात लसीचं नाव काढलं की एक उत्तर हमखास मिळतं : ‘मला होऊन गेलाय, आता लस कशाला?’ आज मी या एकाच उत्तरावर बोलणार आहे. कारण माझे मामू हेच म्हणायचे.

मामूंना सप्टेंबर 2020 मध्ये कोरोना झाला. आठ दिवस ताप आला, मग बरे झाले. 1 एप्रिल 2021 पासून 45 वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली. मामू 58 वर्षांचे, त्यात शुगर. मी म्हणालो, ‘मामू, चला, नाव नोंदवतो.’ ते हसले. ‘बेटा, माझ्या अंगात अँटीबॉडी आहेत. ज्यांना झाला नाही त्यांना घेऊ दे.’ मीही ताणलं नाही. वाटलं, बरोबरच असेल. एप्रिल संपता संपता त्यांना पुन्हा ताप आला. या वेळी ऑक्सिजन लागला. जनाज्याला आम्ही मोजकीच माणसं होतो.

लस घेतली असती तर ते वाचलेच असते, असं मी म्हणणार नाही. पण माझं ‘बरोबरच असेल’ चूक होतं, हे मला नंतर वाचल्यावर कळलं.

मामूंचं म्हणणं सगळंच खोटं नव्हतं. आजार होऊन गेला की शरीर त्या विषाणूला ओळखायला शिकतं. पण प्रत्येकाचं शरीर सारखं शिकत नाही, आणि शिकलेलं हळूहळू विसरतंही. डेन्मार्कमधल्या मोठ्या अभ्यासात पहिल्या आजारामुळे पुन्हा लागण होण्यापासून साधारण 80 टक्के संरक्षण मिळाल्याचं दिसलं. पण 65 वर्षांपुढच्यांत ते 47 टक्क्यांवर आलं. म्हणजे ज्यांना जास्त गरज, त्यांनाच कमी. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात 2020 मध्ये आजारी पडलेल्यांची पाहणी झाली. त्यांच्यापैकी ज्यांनी नंतर लस घेतली नाही, त्यांना पुन्हा लागण होण्याची शक्यता लस पूर्ण केलेल्यांच्या दुपटीहून जास्त निघाली.

मग घ्यायची कधी? केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 19 मे रोजी सांगितलंय : बरे झाल्यावर तीन महिन्यांनी. पहिला डोस घेतल्यावर कोरोना झाला असेल, तर दुसराही बरे झाल्यापासून तीन महिन्यांनी. लसीआधी चाचणीची गरज नाही. बाळाला दूध पाजणाऱ्या आईनेही घ्यावी. आता हिशेब करा. एप्रिल-मेमध्ये जे आजारी पडले, त्यांचे तीन महिने कधीच संपले. थांबायला सांगितलं होतं, विसरायला नाही.

थोरांना हे आकडे पटत नसतील, तर हजचं सांगा. हजला जाणाऱ्यांना मेंदूज्वराची लस कित्येक वर्षांपासून घ्यावीच लागते. ती घेताना कुणी ‘मला कशाला’ म्हणत नाही. यंदा सौदी अरेबियाने तिथल्याच 60 हजार लोकांना हजची परवानगी दिली, तीही लस घेतलेल्यांनाच. कोरोनातून बरे झालेल्यांनाही लस घेऊनच अर्ज करता आला. ‘होऊन गेलाय’ हे उत्तर तिथेही चाललं नाही.

याच महिन्यात आरोग्यमंत्री राजेश टोपे म्हणाले की मुस्लिमबहुल भागांत लसीकरण कमी आहे, तिथे समजवायला सलमान खानची मदत घेऊ. आपल्यापैकी काहींना हसू आलं, काहींना राग. मला दोन्ही आलं. पण माझ्या मामूंना सलमान खानने नव्हे, मी समजवायला हवं होतं. त्यांच्या मोबाईलवर नोंदणी मला करता येत होती. त्यांच्या शेजारी बसून ‘तुमच्यासोबत मी येतो’ म्हणणं मला शक्य होतं. ते मी केलं नाही.

म्हणून मागणं एकच. सध्या ‘हर घर दस्तक’ मोहीम सुरू आहे. आशाताई आपल्या दारात येईल तेव्हा तिला एकटीला बोलू देऊ नका. तिच्यासोबत दोन घरं फिरा. आणि आज रात्री दस्तरख्वानवर बसल्यावर घरच्यांना विचारा : कुणाला होऊन गेलाय, कधी झाला, लस कधी घेणार? उत्तरात ‘बघू’ आलं, तर उठू नका. मी उठलो होतो.