एकट्याची अनामिकता असत नाही

‘डार्क वेब’ म्हटले की अमली पदार्थांचा बाजार डोळ्यांपुढे येतो. हा समज निराधार नव्हे. ‘सिल्क रोड’ नावाचा तसा बाजार अमेरिकी तपासयंत्रणेने २०१३ साली बंद पाडला. परंतु मार्च २०२२ मध्ये रशियाने बीबीसीचे संकेतस्थळ रोखले, तेव्हा बीबीसीने तेथील वाचकांना दाखविलेली वाटही हीच होती.

या वाटेचे नाव ‘टॉर’. तिची कल्पना १९९० नंतरच्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधनशाळेत जन्मली. संदेश एकात एक अशा तीन पाकिटांत घालून तीन संगणकांमार्फत पाठवावयाचा. प्रत्येकाने एकच पाकीट उघडावयाचे. पहिल्यास प्रेषक ठाऊक, पण मुक्काम नाही. शेवटच्यास मुक्काम ठाऊक, पण प्रेषक नाही. गुप्त संकेतस्थळही आपल्या बाजूने अशाच आडवाटेने येते, म्हणून त्याचाही ठिकाणा कळत नाही.

मात्र पेच असा की, केवळ नौदलानेच ही वाट वापरली तर तिच्यावरील प्रत्येक प्रवासी नौदलाचाच ठरणार! म्हणून ती सर्वांना खुली करणे भाग पडले. अनामिकता ही खाजगी मालमत्ता नव्हे, ती सार्वजनिक वस्तू आहे. आज हे संगणक जगभरचे स्वयंसेवक चालवितात. उलट अनुभवही आहे. २०१३ साली हार्वर्डमध्ये परीक्षा टाळण्यासाठी एका विद्यार्थ्याने टॉरवरून बॉम्बची खोटी धमकी दिली. विद्यापीठाच्या जाळ्यावरून त्या वेळी टॉर वापरणारे थोडेच होते, तो सापडला.

म्हणून शिस्त हवी. ब्राउझर टॉर प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा व अद्ययावत ठेवावा. गुप्त संकेतस्थळाचा पत्ता ५६ अक्षरांचा असतो. लबाड लोक आरंभीची अक्षरे जुळवून बनावट पत्ते रचतात. तेव्हा तो कोणा अनोळखी यादीतून न घेता त्या संस्थेच्या उघड संकेतस्थळावरून घ्यावा व शेवटच्या अक्षरापर्यंत ताडावा. आपले नाव वा नेहमीचा ईमेल तेथे देऊ नये. उतरवून घेतलेली फाईल इंटरनेट चालू असताना उघडू नये; ती टॉरला वगळून खरा ठावठिकाणा उघड करू शकते.

‘माझ्याजवळ लपविण्यासारखे काही नाही’ म्हणणाऱ्या कार्यकर्त्यानेही अधूनमधून साधी बातमी या वाटेने वाचावी. त्याच्या पावलांनी वर्दळ वाढते, आणि ज्याच्या जिवाला खरोखर धोका आहे, त्याला त्या वर्दळीत आसरा मिळतो.