एका कवकाचे संदेशद्रव्य



आज आपण ज्या द्रव्याचा विचार करणार आहोत त्याचे नाव फार्नेसॉल. अल्कोहोल वर्गातील, १५ कार्बन अणू असलेला हा पदार्थ सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. गुलाब, निशिगंध, गवती चहा यांच्या तेलांत तो अल्प प्रमाणात आढळतो. आपण जिला देवबाभूळ म्हणतो, तिच्या शास्त्रीय नावात रोममधील फार्नेसे घराण्याच्या उद्यानाची आठवण आहे आणि त्या झाडावरूनच या द्रव्याचे नामकरण झाले. परंतु अत्तराच्या कुपीतील या द्रव्याने वैद्यकशास्त्राचे लक्ष वेधून घेतले ते एका कवकामुळे.

कॅन्डिडा अल्बिकन्स हे ते कवक होय. निरोगी माणसाच्या तोंडात व आतड्यांत ते बहुधा निरुपद्रवीपणे राहते. शरीराची प्रतिकारशक्ती खालावली की तेच रोगकारक बनते. तोंडातील पांढऱ्या थरापासून रक्तातील जीवघेण्या संसर्गापर्यंत त्याची मजल जाते. त्याची दोन रूपे विशेष ध्यानात घ्यावयास हवीत. एक रूप म्हणजे किण्वासारख्या गोलसर, सुट्या पेशी. दुसरे म्हणजे लांबच लांब तंतू. ऊतींमध्ये घुसण्याचे काम मुख्यतः हे तंतू करतात.

संशोधकांना एक गोष्ट बराच काळ चकवीत होती. पोषक द्रवात थोड्याच पेशी सोडल्या तर त्यांना तंतू फुटत; एका मिलिलिटरमध्ये सुमारे १० लाखांहून अधिक पेशी सोडल्या तर त्या गोलसरच राहत. जणू आपली संख्या किती, हे त्यांना कळत होते! अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठात केनेथ निकर्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये या कोड्याची उकल केली. पेशी वाढताना फार्नेसॉल बाहेर सोडतात. पेशींची दाटी झाली म्हणजे ते द्रवात साठते आणि विशिष्ट प्रमाण गाठताच नवे तंतू फुटणे थांबते. सभेत पुरेसे सभासद जमल्यावाचून ठराव होत नाही, त्यातलाच हा प्रकार. म्हणून या यंत्रणेला गणपूर्ती-संवेदन म्हणता येईल. जीवाणूंमध्ये ती आधीच माहीत होती. खऱ्या केंद्रक असलेल्या सजीवांत तिचा असा पुरावा प्रथमच मिळाला. मात्र येथे एक मर्यादा आहे. आधीच फुटलेल्या तंतूंची वाढ फार्नेसॉल रोखू शकत नाही.

पुढच्याच वर्षी असे दिसले की, पृष्ठभागाला चिकटून कवक जो चिवट जैवथर तयार करते, त्याची निर्मितीही फार्नेसॉलमुळे रोखता येते. पण तेही वेळेवर दिले तरच. कृत्रिम झडपा आणि शिरांतील नळ्या यांवर जमणारे असे थर औषधांना दाद देत नाहीत, हे डॉक्टरांना चांगले ठाऊक आहे. शिवाय कवकांवरील औषधांचे मुख्य वर्ग हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. कवकाच्याच बोलीत त्याला थांबण्याची आज्ञा द्यावी, ही कल्पना कोणालाही मोहात पाडील.

मग उंदरांवर प्रयोग झाले. निकर्सन यांच्याच गटाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला निष्कर्ष अगदी उलट होता. रक्तातून कवकाचा संसर्ग केलेल्या उंदरांना फार्नेसॉल दिले, तेव्हा मृत्यू कमी न होता वाढले. जे कवक जनुकीय बदलामुळे फार्नेसॉल कमी निर्माण करीत होते, ते उंदरांना कमी घातक ठरले. काचपात्रात कवकाला आवर घालणारे द्रव्य जिवंत शरीरात त्याचे शस्त्र बनत होते! याचे एक कारण यजमानाच्या बाजूला सापडते. संसर्गाशी लढताना शरीर जे संरक्षक संकेत वाढवते, ते फार्नेसॉल दिलेल्या उंदरांत नेहमीप्रमाणे वाढले नाहीत.

याला आणखी एक चिंताजनक बाजू आहे. फ्लुकोनाझोल हे प्रचलित औषध कवकाच्या पेशीपटलातील अर्गोस्टेरॉलची निर्मिती अडवते. फार्नेसॉल त्याच रासायनिक वाटेवरील एका टप्प्यातून निघते. वाट पुढे अडली की मागे द्रव्य तुंबते. औषधाच्या अपुऱ्या मात्रेत वाढवलेल्या पेशींनी सुमारे दहापट फार्नेसॉल सोडले, आणि त्या पेशी उंदरांना अधिक घातक ठरल्या. अर्धवट उपचार का टाळावेत याची कारणे अनेक आहेत. त्यांत हेही विचारात घ्यावे लागते.

तोंडातील संसर्गाची हकिगत वेगळी आहे. उंदरांच्या जिभेवर फार्नेसॉल लावल्यावर पांढऱ्या थराचे प्रमाण घटले, जरी जिवंत पेशींची संख्या तितकी कमी झाली नाही. म्हणजे कवक मेले नाही, त्याचे आक्रमण मंदावले. माझ्या मते वैद्यकीय उपयोगाची खरी वाट येथून, पृष्ठभागावरील उपचारांतून जाते, रक्तातून नव्हे. फार्नेसॉल पाण्यात जेमतेम विरघळते, ही अडचण येथेही आहेच. म्हणून दातांवरील जैवथरापर्यंत ते सूक्ष्मकणांतून पोहोचवण्याचे प्रयत्न झाले आहेत.

इतर सजीवांवरील परिणाम थोडक्यात सांगतो. अ‍ॅस्परजिलस निड्युलन्स या बुरशीच्या पेशी फार्नेसॉलमुळे आत्मनाशाच्या मार्गाला लागतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू त्याच्या सान्निध्यात प्रतिजैविकांना अधिक सहज बळी पडतो. २०२१ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी असे दाखवले की, कंपवाताचे प्रारूप म्हणून वापरलेल्या उंदरांना आहारातून फार्नेसॉल दिले असता मेंदूतील डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशींची हानी कमी होते. हे निष्कर्ष उंदरांपुरते आहेत.

तेव्हा कोणी विचारील की, गवती चहाचे तेल पोटात घेऊन काही लाभ होईल काय? अशा तेलात फार्नेसॉलचा अंश थोडा आणि अनिश्चित असतो, त्यासोबत इतर अनेक द्रव्ये असतात, आणि काहींच्या त्वचेला त्याचे वावडेही असते. युरोपीय संघाने ज्या सुगंधी घटकांची नावे सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनावर छापणे आवश्यक ठरवले आहे, त्यांत फार्नेसॉलचाही समावेश आहे.