घरची मोरी आणि गावचे गटार



व्हिक्टोरिया राणीच्या काळातील इंग्रजी नगरव्यवस्थेविषयीच्या एका पुस्तकाचे भाषांतर करीत असताना मला दोन लहानशा शब्दांपाशी बरेच दिवस थांबावे लागले. ते शब्द म्हणजे ‘ड्रेन’ आणि ‘सीवर’. मराठीत आपण दोहोंनाही सर्रास गटार म्हणतो. मीही प्रथम तसेच लिहिले. परंतु पुढे वाक्यांचा मेळच बसेना. एका पानावर गटाराची दुरुस्ती घरमालकाने करावयाची होती, तर दुसऱ्या पानावर स्थानिक मंडळाने.

उलगडा झाला तो १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात. एकाच इमारतीचे, किंवा एकाच आवारातील इमारतींचे, सांडपाणी वाहून नेणारा मार्ग तो ‘ड्रेन’. बाकीचे बहुतेक सारे मार्ग ‘सीवर’. पहिल्याची जबाबदारी मालकाची, दुसऱ्याची स्थानिक सत्तेची. हा केवळ शब्दच्छल नव्हता. दोन शेजारी घरांचे नळ रस्त्याला पोहोचण्यापूर्वीच एखाद्या बांधकाम करणाऱ्याने एकत्र जोडले, तर तो जोडनळ कायद्याने ‘सीवर’ ठरू शकत असे आणि त्याच्या डागडुजीचा भार साऱ्या गावाच्या करदात्यांवर पडत असे. खाजगी काय आणि सार्वजनिक काय, याची सीमारेषा जमिनीखाली कोठेतरी, नजरेआड आखलेली होती.

ही रेषा इतकी महत्त्वाची का ठरली, हे क्रॉयडनच्या उदाहरणावरून चांगले समजते. लंडनच्या दक्षिणेस सुमारे दहा मैलांवर वसलेल्या या बाजारपेठेच्या गावात १८३९ मध्ये रेल्वे आली आणि गावाचे नशीब पालटले. १८५१ मध्ये तेथील लोकसंख्या सुमारे २० हजार होती. १९०१ पर्यंत ती १ लाख ३० हजारांवर गेली. एडविन चॅडविक यांच्या प्रयत्नांतून संमत झालेल्या १८४८ च्या कायद्यान्वये देशात स्थानिक आरोग्य मंडळे स्थापन होऊ लागली, त्यांतील अगदी प्रारंभीच्या मंडळांत क्रॉयडनचे मंडळ होते. ते १८४९ चे. मंडळाने उत्साहाने काम हाती घेतले. १८५१ च्या अखेरीस नळाचे पाणी सुरू झाले.

परंतु घरात पाणी आले म्हणजे घराबाहेर सांडपाणीही जाणारच. चॅडविक यांचा भर विटांच्या प्रशस्त भुयारांपेक्षा भाजलेल्या मातीच्या, आतून गुळगुळीत, लहान व्यासाच्या नळांवर होता. त्यामागील तर्क चुकीचा नव्हता. रुंद भुयारात थोडे पाणी पसरते, मंदावते आणि गाळ मागे ठेवते. अरुंद नळात तेच पाणी वेगाने वाहून स्वतःची वाट स्वच्छ करते. सेकंदाला सुमारे दोन फूट वेग राहिला, तर गाळ बसत नाही, असा अभियंत्यांचा ढोबळ नियम होता. मात्र त्यासाठी उतार नेमका हवा, सांधे घट्ट हवेत आणि पाणी भरपूर हवे. क्रॉयडनमध्ये नळ वारंवार तुंबू लागले. १८५२-५३ मध्ये गावात तापाची भयंकर साथ आली. सरकारने डॉक्टर नील आर्नॉट आणि अभियंता टॉमस पेज यांना चौकशीसाठी पाठविले. दोष लहान नळांचा की हलगर्जी बांधणीचा, यावर तज्ज्ञांमध्ये कडाक्याचे वाद झाले. आरोग्यासाठी केलेल्या कामाकडेच लोक संशयाने पाहू लागले.

गावाबाहेरचा प्रश्न वेगळाच होता. मैला वाहून वॅन्डल नदीत जाऊ लागला. या छोट्या नदीच्या काठी अनेक गिरण्या होत्या आणि तिच्यातील मासळीची ख्याती होती. खालच्या अंगाचे जमीनमालक न्यायालयात गेले. त्यांचे म्हणणे साधे होते : तुमचे गाव स्वच्छ झाले, पण आमची नदी नासली. अखेर सांडपाणी बेडिंग्टन येथील शेतजमिनीवर सोडण्याची व्यवस्था मंडळाला करावी लागली. गवताच्या पिकावर पसरलेले ते पाणी मातीतून गाळून पुढे जाई.

आता विस्ताराचा विचार करू. गुरुत्वाकर्षणावर चालणाऱ्या गटाराची एक अडचण अशी की, नवी वस्ती वर वाढते आणि तिचे पाणी खालच्या जुन्या वाहिनीत उतरते. टेकडीवर शंभर घरे उभी राहतात. जुन्या वाहिनीचा व्यास मात्र तेवढाच राहतो. जोराचा पाऊस पडला की, पाणी उलटते ते सखल भागातील तळघरांत. म्हणजे ज्याने नवे घर बांधले तो कोरडा आणि ज्याने काहीच केले नाही तो ओला. कायद्याने रीतसर सूचना देऊन सार्वजनिक गटाराला जोड घेण्याचा हक्क घरमालकाला दिला होता. त्यामुळे मंडळाला नुसते हात वर करता येत नव्हते. नव्या खाजगी रस्त्यांवरील गटारांचा खर्च त्या रस्त्यालगतच्या मालकांकडून वसूल करता येई, परंतु मुख्य वाहिनी मोठी करण्याचा खर्च सर्वांचा. त्यासाठी सरकारी मंजुरीने कर्ज काढता येई आणि ते ६० वर्षांपर्यंत फेडता येई. ज्या नातवंडांना त्या गटाराचा उपयोग होणार होता, तीही अशा रीतीने खर्चाची भागीदार झाली. मला ही तरतूद फार समंजस वाटते.

मित्रहो, अखेरीस मी ‘ड्रेन’साठी ‘मोरी’ आणि ‘सीवर’साठी ‘गावचे गटार’ असे शब्द योजले. काटेकोर वाचकाला ते घरगुती वाटतील. परंतु मोरीशी आपला संबंध रोजचा आहे. तिचे पाणी उंबरठ्यापलीकडे गेले की, तो संबंध संपला असे आपण मानतो. क्रॉयडनच्या मंडळाला हेच शिकावे लागले की, तो तेथे संपत नाही. वरच्या घराची मोरी ही खालच्या घराची चिंता असते आणि गावचे गटार ही नदीकाठच्या परक्या गावाची. गटार एकदा बांधून पुरे होत नाही. गाव वाढत असेतो ते बांधतच राहावे लागते. या दोन शब्दांतील अंतर वाचकाच्या मनात ठसले, तर भाषांतराचे श्रम सार्थकी लागले असे मी समजेन.