अंगावरून वारं गेल्यावर

वेल्हे तालुक्यात, म्हणजे आता सरकारी कागदावर राजगड तालुक्यात, पक्षाघाताला पक्षाघात म्हणणारं माणूस मला अजून भेटायचं आहे. तिथं 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात. वारं आलं नि निघून गेलं. मागं काय मोडलं ते घरच्यांनी बघत बसायचं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. भोर आणि वेल्ह्यातले रुग्ण बरीच वर्षं बघते आहे. मढे घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका गावात एक गृहस्थ आहेत, वय 43. पहाटे दुधाचे कॅन टेम्पोत भरून नसरापूरला पोचवायचे आणि पावसाळ्यात घरचं भात करायचं, हे त्यांचं आयुष्य. एका सकाळी टेम्पोला चावी लावताना उजवी बाजू गेली. रक्तदाब होता, पण तो कधी कुणी मोजलेलाच नव्हता. गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनाचे साडेचार तास चेलाडी फाट्यावर गाडी शोधण्यात आणि पुण्याच्या वाहतुकीत कसे संपतात, ते या डोंगरात राहणाऱ्याला मी वेगळं सांगायला नको. मला बोलायचं आहे ते त्याच्या नंतरचं.

सहा महिन्यांनी मी त्यांना तपासलं. काठी न घेता चालत आले. शर्टाची बटणं डाव्या हातानं, पण स्वतः लावलेली. जेवण, अंघोळ, संडास, सगळं आपलं आपण. आमच्याकडे रँकिन नावाची एक मोजपट्टी असते. शून्य म्हणजे काही त्रास नाही, सहा म्हणजे मृत्यू. मी कागदावर दोन लिहिलं. दोन म्हणजे पूर्वीची सगळी कामं जमत नाहीत, पण स्वतःचं स्वतः बघता येतं. पक्षाघातावरच्या अनेक मोठ्या चाचण्यांत शून्य ते दोन हा 'चांगला निकाल' धरतात.

"चांगलं झालंय दादा," मी म्हटलं.

"मग ताई, टेम्पोला हात कधी लावू?"

उजवा पाय ब्रेकवर वेळेत जात नव्हता. आणि भाताचं रोप चिखलात रोवताना अंगठ्यानं दाब द्यावा लागतो. नेमका तो अंगठाच रुसलेला. वहिनी काही बोलल्या नाहीत. टेम्पोचे हप्ते भरायला त्यांनी पोरीची शाळा सोडवून तिला पुण्याला मावशीकडे कामाला पाठवलं होतं, हे मला नंतर कळलं. माझ्या कागदावर मात्र निकाल चांगला होता.

माझं म्हणणं एवढंच आहे, की कमावत्या वयातल्या माणसाच्या सुधारणेवर संशोधनाला पैसा हवा, आणि त्यातला पहिला पैसा ही मोजपट्टी बदलायला हवा. पुन्हा कामावर गेला का, किती दिवसांनी गेला, पूर्वीच्या मानानं किती मिळवतो, हे मोजा. आणि सहा महिन्यांवर थांबू नका. शेतकऱ्याचं गणित एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत असतं.

आपल्या देशात अशा चाचण्या होऊच शकत नाहीत, असं मात्र कुणी म्हणू नये. 'अटेंड' नावाची चाचणी भारतातल्या 14 रुग्णालयांत झाली. 1250 रुग्ण घेतले आणि निम्म्यांच्या घरच्या माणसाला व्यायाम कसा करून घ्यायचा ते शिकवलं. 2017 साली 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. दोन्ही गटांत 47 टक्के रुग्ण सहा महिन्यांनी एकतर दगावलेले किंवा परावलंबी. फरक शून्य. मी स्वतः वर्षानुवर्षं घरच्यांना असंच शिकवत आले होते, त्यामुळे निकाल वाचून दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. पण हे कळायलाही पैसाच लागला, आणि तो ऑस्ट्रेलियाच्या सरकारी संशोधन परिषदेचा होता. त्यानंतर आपल्या आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पैशावर 31 केंद्रांत 4298 रुग्णांची 'स्प्रिंट इंडिया' चाचणी झाली, 12 भाषांत रुग्णांना शिकवायचं साहित्य करून. तिचा प्रश्न दुसरा झटका टाळण्याचा होता. तिथंही गुण दिसला नाही, पण एवढी माणसं गोळा करता येतात, हे सिद्ध झालं.

औषध कंपन्या यात का पडत नाहीत? व्यायामाचं पेटंट निघत नाही, म्हणून. अमेरिकेत 2006 साली 222 रुग्णांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. झटक्याला तीन ते नऊ महिने झालेल्यांच्या चांगल्या हातावर दोन आठवडे हातमोजा चढवला, जागेपणीचा जवळपास सगळा वेळ, म्हणजे दुबळ्या हाताला काम करावंच लागेल. दुबळा हात सुधारला. तिथंही पैसा सरकारी होता. मी आमच्या दादांचा डावा हात पंच्यानं बांधून पाहिला. अर्ध्या तासात म्हशीनं दावं ओढलं आणि पंचा सोडावा लागला! शेतकऱ्याच्या घरी हे कसं बसवायचं, हाच तर संशोधनाचा प्रश्न आहे.

2011च्या जनगणनेत वेल्ह्याची वस्ती जेमतेम 54 हजार. एकट्या भोर-वेल्ह्यात अशा चाचणीला पुरेसे रुग्ण मिळणार नाहीत. मुळशी, मावळ, जुन्नर, घाटावरची जावळी, सगळं जोडावं लागेल. खर्चाच्या तक्त्यात एक ओळ हमखास गळते, ती म्हणजे तपासणीला येणाऱ्याचा बुडालेला रोज, आणि त्याला धरून आणणाऱ्याचाही. ती गळली की माणसं तिसऱ्या भेटीला येत नाहीत आणि आपण लिहितो, 'रुग्ण अनियमित'.

पैसा सरकारनं द्यावा हे खरंच. पण नीरेच्या पलीकडे शिरवळला आणि अलीकडे खेड शिवापूरला कारखाने आहेत, आणि आमच्या तालुक्यांतली पोरं तिथं पाळ्या करतात. ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्चावे लागतात. 2019पासून आयसीएमआरसारख्या संस्थांच्या संशोधनाला दिलेला पैसाही त्यात धरतात. त्या पैशातून शाळेच्या भिंती रंगवायला माझी हरकत नाही. पण त्याच शाळेच्या फाटकाशी पाळीची बस थांबते, आणि एखाद्या दिवशी त्या बसमधूनच उतरताना कुणाचा तरी पाय लुळा पडतो.

आषाढात मी पुन्हा त्या गावी गेले. लावणी चालू होती. दादा बांधावर बसून डाव्या हातानं रोपांच्या जुड्या चिखलात फेकत होते, अगदी बायकांच्या हाताशी पडतील अशा. मला बघून म्हणाले, "रोज मिळत नाही ह्याचा, पण एक माणूस वाचतो."

हे कुठल्या रकान्यात लिहायचं, ते मला माझ्या फॉर्मवर सापडलं नाही. मी समासात लिहून ठेवलं आहे.