कार्बनचे सूक्ष्मकण आणि अतिदक्षता विभागातील जंतुसंसर्ग
(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालय प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या वर्षात काही देणगीदारांनी आस्थेने एकच विचारणा केली. ‘नॅनो कार्बन’चा लेप दिलेले पडदे, मुखपट्ट्या व रंग बाजारात येत आहेत, त्यांनी जिवाणू आणि बुरशी नष्ट होतात असे विक्रेते सांगतात, अतिदक्षता विभागासाठी ते घ्यावयाचे असल्यास रक्कम देण्याची त्यांची तयारी आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, रसायनशास्त्र माझा प्रांत नव्हे. परंतु खरेदीच्या आदेशावर स्वाक्षरी माझी असते. म्हणून जाणकारांकडून जे समजून घेतले ते येथे मांडतो.

देवघरात कापूर जाळल्यावर तबकाला धरते ती काजळी म्हणजे कार्बनच. मुंबईच्या आयआयटीमध्ये प्रा. महेश्वर शरॉन व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच कापरापासून कार्बनच्या सूक्ष्म नळ्या तयार करण्याचे संशोधन केले. आपल्या शिवाजी विद्यापीठातही नॅनो विज्ञानाचे अध्यापन व संशोधन चालते. तेव्हा हा विषय आपल्याला परका नाही.

एका मिलिमीटरचे दहा लक्ष भाग केले की एक नॅनोमीटर होतो. सामान्य जिवाणू सुमारे एक हजार नॅनोमीटर लांबीचा, तर एकपदरी कार्बन नळीचा व्यास एक-दोन नॅनोमीटर. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ साली दाखविले की अशा नळ्यांचा थेट स्पर्श झाला असता जिवाणूचे बाह्य आवरण फाटते. ग्राफिनच्या पत्र्यांची धारही असेच काम करते. कार्बनचे काही ठिपक्याएवढे कण प्रकाश पडताच प्राणवायूची तीव्र रूपे निर्माण करून जंतूला जाळतात. प्रतिजैविक औषध बहुधा जंतूच्या एखाद्या विशिष्ट यंत्रणेवर घाव घालते आणि जंतू ती यंत्रणा बदलून निसटतो. फाटलेल्या आवरणावर तसा उपाय शोधणे त्याला अवघड जावे, ही शास्त्रज्ञांची आशा आहे. औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लक्ष ७० हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. त्यामुळे ही आशा क्षुल्लक म्हणता येणार नाही.

बुरशीचे प्रकरण अधिक कठीण. तिची पेशीभित्तिका जाड असते, आणि तिच्या पेशीची रचना आपल्या पेशीच्या जवळची असल्याने तिला मारणारी औषधे मोजकीच. २०२१ मधील काळ्या बुरशीच्या साथीत अँफोटेरिसिन-बी या इंजेक्शनसाठी नातेवाइकांची किती धावपळ झाली, हे या सभागृहातील अनेकांना ठाऊक आहे. त्या औषधाने मूत्रपिंडावर येणारा ताण वेगळाच. २००९ साली जपानमध्ये प्रथम नोंदली गेलेली कॅन्डिडा ऑरिस ही बुरशी तर पलंगाच्या कठड्यावर कित्येक दिवस तग धरते, आणि नेहमीची काही जंतुनाशके तिच्यावर चालत नाहीत. लेपाची कल्पना मोहक वाटते ती येथेच.

मात्र जो कण जंतूला फाडतो तो आपल्या फुप्फुसात गेला तर काय, हा प्रश्न सुटलेला नाही. लांब व ताठ कार्बन नळ्या उंदरांच्या शरीरात अ‍ॅस्बेस्टॉससारखा दाह निर्माण करतात, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. एप्रिल २०२१ मध्ये कॅनडाच्या आरोग्य खात्याने ग्राफिनयुक्त मुखपट्ट्या वापरू नयेत असा इशारा दिला. पुढे तपासणीअंती जुलैमध्ये त्यांतील काहींना परवानगीही दिली. म्हणजे सरसकट भीती नको, पण प्रत्येक वस्तूची स्वतंत्र तपासणी हवी. आमच्याकडे आलेल्या एका विक्रेत्याला मी दोनच गोष्टी विचारल्या: लेप किती वेळा पुसल्यावर टिकतो, आणि पुसताना सुटलेले कण कोठे जातात? उत्तरादाखल मला रंगीत माहितीपत्रक मिळाले.

अतिदक्षता विभागातील रुग्ण हा प्रयोगाचा विषय होऊ शकत नाही. म्हणून असा लेप तूर्त घेऊ नये, अशी शिफारस मी विश्वस्त मंडळाकडे केली आहे. त्याऐवजी देऊ केलेली रक्कम सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेसाठी द्यावी, ही देणगीदारांना विनंती. रक्तात वाढणारी बुरशी नेमकी कोणती हे वेळेत कळले तर योग्य औषध लवकर सुरू होते. आणि कॅन्डिडा ऑरिस तर साध्या तपासणीत दुसऱ्याच नावाने ओळखली जाण्याचा संभव असतो. याशिवाय प्रत्येक खाटेजवळ हात निर्जंतुक करण्याची सोय आणि रात्रपाळीस एक जादा सफाई कर्मचारी हवा आहे. या खर्चाला देणगीदाराच्या नावाची कोनशिला बसत नाही, याची मला जाणीव आहे. दोन्ही अंदाजपत्रके कार्यालयात पाहावयास ठेवली आहेत.