झडती, पंचनामा आणि गरिबाचा बचाव

बीड जिल्ह्यातील लाखो ऊसतोड कामगार दरवर्षी ट्रक-ट्रॅक्टरांतून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. अशा वाहनाची नाक्यावर झडती झाली आणि काही सापडले, तर बालंट प्रथम चालकावर येते. झडतीच बेकायदा असेल, तर पुरावाही बाद व्हायला नको काय? सर्वोच्च न्यायालयाने तसे मानलेले नाही. केवळ झडती बेकायदा होती म्हणून पुरावा त्याज्य ठरत नाही, असे पूरणमल खटल्यात १९७३ सालीच ठरले. १९९९ च्या बलदेवसिंग निकालाने अमली पदार्थांच्या प्रकरणांत संरक्षण दिले, पण ते अंगझडतीपुरते; वाहनाला ते लागू नाही.

म्हणून बचावाची सारी मदार पंचनाम्यावर. पंच स्वतंत्र होते काय? मुद्देमालाला मोहोर केव्हा लागली? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडतीचे दृक्‌श्राव्य चित्रण आवश्यक आहे. ते चित्रण न्यायालयात मागायला मात्र वकील हवा. विधी सेवा प्राधिकरण कायद्याने कोठडीतील प्रत्येकाला मोफत वकिलाचा हक्क दिला आहे. तो पहिल्या रिमांडलाच उभा राहिला पाहिजे. ही याचना नव्हे. कायद्यापुढील समतेची ती किमान अट आहे.