पोरगी कमी भरली तर?
(वस्तीतल्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



मी मॅट्रिक झालेला गोदी कामगार. कविता लिहितो, पण आज कविता वाचणार नाही.

गोदीत एक पेटी कमी भरली की गेट बंद होतं. टॅली क्लार्क धावतो, वॉचमन धावतो, आमचे खिसे चाचपले जातात. दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतली पंधरा वर्षांची पोर कमी भरली. तिच्या आईबरोबर मी चौकीवर गेलो. हवालदार म्हणाला, "गेली असेल कुणाचा हात धरून. चार दिवस थांबा." मग आडनाव विचारलं आणि पेन खाली ठेवलं. घरकामाला लावते म्हणून तिला घेऊन गेलेली बाई कोण, हे त्यानं विचारलंच नाही. चार दिवसांत दलाल किती स्टेशनं ओलांडतो?

2013 साली सुप्रीम कोर्टानं बजावलंय : मूल हरवल्याची तक्रार आली की अपहरण किंवा तस्करी धरूनच गुन्हा नोंदवा. हद्दीचा बहाणाही चालत नाही. हे त्या हवालदाराला कुणी शिकवलं नव्हतं, की शिकवूनही आमच्यासाठी नव्हतं?

फेब्रुवारी 1996 मध्ये कामाठीपुऱ्यात धाडी पडल्या. चारशेवर मुली उचलल्या, सुधारगृहांत कोंडल्या. काही तिथेच मेल्या. ही काय सुटका झाली? 2006 पासून महाराष्ट्रातल्या पोलिसांना तस्करीबद्दल प्रशिक्षण दिलं गेलं. वर्ग झाले. पण नजर बदलली का?

पोलिसाला ओळखायला शिकवायचं ते एवढंच : तिचे कागद कुणाकडे आहेत? विचारल्यावर ती बोलते की शेजारचा? उचल किती घेतली, फिटली किती? पगार कुणाच्या हातात जातो? एकटीला बाहेर पडता येतं का? हेच प्रश्न वीटभट्टीवर विचारा, उसाच्या फडात मुकादमासमोर विचारा. बाबासाहेबांच्या संविधानातलं 23वं कलम माणसांचा व्यापार आणि वेठबिगारी एकाच ओळीत बसवतं. पोलिसाला मात्र तस्करी फक्त लाल बत्तीखाली दिसते.

आणि सापडल्यावर? तिला दलालापासून बाजूला घ्या. बाई पोलिसानं बोलावं, तिची भाषा येणारं माणूस आणावं. "स्वतःच्या मर्जीनं आलीस ना?" हे विचारून दलालाला सोडू नका. फसवून, धमकावून आणलेलीची संमती कायदा मोजतच नाही. आणि जी सज्ञान बाई स्वतःच्या मर्जीनं धंदा करते, तिला धाडीत अटक करू नका, छळू नका, असं 2022 साली सुप्रीम कोर्टानंच सांगितलंय.

दोस्तहो, साहेब शिकतील तेव्हा शिकतील. तोवर चौकीवर एकट्या आईला पाठवू नका. पाच जण जा. तारीख, वेळ, बिल्ला नंबर लिहून घ्या. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती हातात पडल्याशिवाय उठू नका.

त्या दिवशी मी उठलो. तिच्या आईकडे आजही कागद नाही. पोर अजून आलेली नाही.

जय भीम.